आशाताईला वर जायला जिना कुठंय?

आमच्या हॉस्पिटलात सगळ्या जातीधर्माची माणसं काम करतात असं आमचे ॲडमिनवाले कोणी व्हिजिटर आले की हमखास सांगतात, आणि ते खोटं नाहीये. फक्त एकदा लिफ्टने वरून खाली या. वरच्या मजल्यावर कन्सल्टंटच्या पाट्या वाचा, मग बिलिंग, फार्मसी, आमची लॅब, मग नर्सिंग स्टेशन, मग वॉर्डबॉय आणि मावश्या, आणि सगळ्यात शेवटी मागच्या गेटजवळ वेस्टच्या लाल-पिवळ्या पिशव्या उचलणारी पोरं. आडनावं बदलत जातात. मी अठरा वर्षं लॅब टेक्निशियन आहे, डीएमएलटी केलेला साधा माणूस, दिवसभर नळ्यांवरची नावं वाचतो त्यामुळे आडनावाकडे लक्ष जायची खोडच लागलीये म्हणा. विविधता भरपूर आहे आमच्याकडे, उतरंड रचून ठेवलीये इतकंच.

मागच्या चैत्रातली गोष्ट सांगतो. धुळ्याकडची एक आजी, सप्तशृंगीच्या गडावर पायी आलेली, खानदेशातून चैत्रात अशी हजारो माणसं वणीला चालत येतात हे नाशिककरांना सांगायला नको. गडावरून उतरून नाशिकला भाच्याकडे आली आणि तिथे तिला कसंतरी व्हायला लागलं म्हणून भाच्याने रिक्षात घालून आमच्याकडे आणली. कॅज्युअल्टीत ड्युटीवर लातूरकडचा एक आरएमओ डॉक्टर, चांगलं पोरगं, उद्धट वगैरे अजिबात नाही, पण सलग तिसावा तास चालू होता त्याचा. आजी एकच वाक्य म्हणे, "बेटा, मन्हा जीव कसाबसा करस." त्याने विचारलं छातीत दुखतंय का, नाही. उलटी, नाही. ताप, नाही. वय बघून ईसीजी काढला, ठीक होता. कागदावर अशक्तपणा असं लिहून सलाईन लावायला सांगणार इतक्यात तिथे पोछा मारणारी आमची मावशी, सटाण्याकडची, काठी भिंतीला टेकवून आजीजवळ गेली आणि म्हणाली, "माय, काही खादं का तू? का उपास शे?" उपास होताच. देवीचा. आणि शुगरची गोळी मात्र आजीने नेमाने घेतलेली, कारण गावच्या डॉक्टरने गोळी चुकवायची नाही असं बजावलेलं. मी ग्लुकोमीटर लावला, ४६. ड्रिपमधून ग्लुकोज गेलं आणि दहा मिनिटात आजी उठून बसली, माझी पिशवी कुठंय म्हणाली, पिशवीत गडावरचा प्रसाद होता.

आता यात त्या डॉक्टरला नावं ठेवायला मी ही गोष्ट सांगत नाहीये. शुगर आधी बघायला पाहिजे होती हे त्याचं त्यालाच कळलं, नंतर त्याने मावशीला चहा पाजला. माझा मुद्दा असा की त्या रात्री त्या खोलीत योग्य प्रश्न एकाच माणसाला सुचला, कारण तिला आजीची अहिराणी येत होती, चैत्र माहीत होता आणि बायका उपासात गोळ्यांचं काय करतात हेही माहीत होतं. आणि ते माणूस आमच्याकडे अकरा वर्षं ठेकेदाराच्या रजिस्टरवर आहे. हाउसकीपिंग. बारावी पास आहे ती. अकरा वर्षांपूर्वी जिथे होती तिथेच आहे आणि अजून अकरा वर्षांनी, गुडघे टिकले तर, तिथेच असेल.

आरोग्यसेवेत सगळ्या समाजातली माणसं पाहिजेत असं म्हटलं की आपल्याकडे चर्चा लगेच एमबीबीएसच्या सीटवर जाते, आरक्षण, मेरिट, कटऑफ, आणि मग दोन्हीकडचे लोक तलवारी काढतात. त्यावर पण बोलतो, टाळत नाहीये. पण मला वाटतं आपण चुकीच्या दारापाशी गर्दी केलीये. पेशंटच्या गावची, पेशंटच्या बोलीची माणसं आरोग्यसेवेत आणायची आहेत कुठून, ती आलेलीच आहेत, आशा म्हणजे गावची आरोग्य कार्यकर्ती म्हणून, मदतनीस म्हणून, मावशी म्हणून, आणि आपण त्यांना तळमजल्यावर बसवून वर जायचा जिनाच बांधलेला नाही. शिकत शिकत वर जायची सोय करा, बाकी अर्धे प्रश्न तिथेच हलके होतील. हे माझं म्हणणं, ज्याला पटणार नाही त्याने खुशाल भांडावं.

आधी हे बघा की गरज खरंच आहे का, की ही नुसती भावनिक गोष्ट आहे. नाशिक जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जमातीचे लोक साधारण २५.६ टक्के, म्हणजे दर चारात एक. सुरगाण्यात तर नव्वद टक्क्यांच्याही वर. कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल, ठाकर, कातकरी. सुरगाण्याहून नाशिक नव्वदेक किलोमीटर, घाट आहे, पावसाळ्यात रस्त्याचं काय होतं ते विचारू नका. तिथून बाई निघते, सिव्हिलला पोचते, केसपेपर काढते, लाइनीत थांबते आणि समोरचा माणूस विचारतो काय होतंय, तर तिला प्रश्न कळतो पण उत्तर प्रमाण मराठीत कसं द्यायचं हे कळत नाही. लाजते. सोबत आलेला नवरा बोलतो. आता बाईच्या अंगावरून पांढरं जातंय हे नवऱ्याच्या तोंडून बाहेर येईल असं वाटतंय का कुणाला? कागदावर काय लिहिलं जातं, कंबरदुखी.

हे काही नवीन नाही. १८८६ साली मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झालं ते बायकांसाठी, बायका डॉक्टरांच्या हाती, कारण बायका पुरुष डॉक्टरपुढे येतच नव्हत्या, घरातच मरायच्या. रखमाबाई लंडनला शिकून १८९४ ला डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत, राजकोटला वर्षानुवर्षं बायकांचे दवाखाने चालवले, त्यांच्यामुळे ज्या बायका दवाखान्याची पायरी चढल्या त्या दुसऱ्या कोणामुळे चढल्या नसत्या. आज कुणी म्हणत नाही की गायनॅकला लेडी डॉक्टर पाहिजे हा लाड आहे. आपल्या घरची बाई दाखवायची असली की सगळे मेरिटवाले आधी विचारतात, लेडी डॉक्टर आहे ना? मग हीच गोष्ट बोलीची, जमातीची, धर्माची आली की एकदम तत्त्वाचा प्रश्न कसा होतो?

धर्माचं म्हटलं म्हणून मालेगाव आठवलं. २०२० च्या एप्रिल-मे मध्ये मालेगावात कोविडने काय हाल झाले ते आपण पेपरात वाचत होतो, सरकारी टीम गेली की लोक दार लावून घेत होते. त्याच वेळी तिथल्या मन्सूराच्या युनानी कॉलेजचा काढा घराघरात पोचला. काढ्याने कोविडचं काय होतं यावर मी वाद घालणार नाही, लॅबवाला आहे मी, मला पुरावा लागतो. पण तो काढा घेऊन जो माणूस दारात येत होता तो ओळखीचा होता, त्याला लोक दार उघडत होते, आणि बाहेरून गेलेल्या टीमला जे हवं होतं ते नेमकं तेच होतं, उघडं दार.

आता मेरिट. मला मेरिटचा आदर आहे, खोटं कशाला बोलू. माझी अँजिओ कोणी करायची म्हटली तर मी पण त्याचा हात कसा चालतो ते बघेन, त्याचं आडनाव नाही बघणार. पण नीटचे मार्क म्हणजे मेरिट हे गणित कसं जमवलंय ते बघा जरा. बारावीनंतर दोन-दोन वर्षं ड्रॉप, लातूर नाहीतर कोटा, होस्टेल, मेस, टेस्ट सिरीज, या सगळ्याला जो पैसा लागतो तो ज्याच्याकडे आहे त्याचे मार्क वाढतात, हे मी म्हणायला नको, क्लासवाल्यांच्या होर्डिंगवरच लिहिलेलं असतं. तमिळनाडूत न्यायमूर्ती राजन समितीने २०२१ ला हेच मांडलं की नीट आल्यावर खेड्यातली, सरकारी शाळेतली, तमिळ मिडियमची पोरं मेडिकलमधून कमी झाली. आणि सगळ्यात भारी गंमत, २०२३ ला पीजीच्या सीटा रिकाम्या राहायला लागल्या तेव्हा नीट पीजीचा कटऑफ सरकारने थेट शून्य पर्सेंटाइलवर आणला. शून्य. सगळ्या कॅटेगरीसाठी. परीक्षेला बसला म्हणजे पात्र. त्या सीटांमध्ये करोडभर फी असलेल्या प्रायव्हेट सीटाही होत्या. तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाही मेरिटवाल्या काकांनी मेरिट मेलं म्हणून मेसेज टाकलेला मला दिसला नाही. आश्रमशाळेतलं पोर चाळीस मार्क कमी पडून आत आलं की मात्र पेशंटच्या जिवाशी खेळ.

बरं ते पोर आत येतंय तरी कुठं. आश्रमशाळेत दहावीपर्यंत मराठीतून शिकलं, पेशी, केंद्रक, तंतुकणिका, हरितलवक, सगळं घोकून पाठ केलं, चित्रं काढली, पैकीच्या पैकी मार्क घेतले. अकरावी सायन्सला आलं आणि पहिल्याच दिवशी सर म्हणाले मायटोकॉन्ड्रिया. पोराला वाटतं ही काहीतरी वेगळीच वस्तू आहे. तीच आहे रे, तंतुकणिका आहे, फक्त तुला कोणी सांगितलं नाही. मावशीच्या मुलीचं हेच झालं होतं, सहा महिने तिला वाटत होतं आपण ढ झालो. अकरावीच्या सुरुवातीला महिनाभर नुसते शब्द जुळवून दिले, मराठी एकीकडे इंग्रजी एकीकडे, तरी किती पोरं आर्ट्सला पळायची वाचतील. याला काही कोटी खर्च नाही. नाशिक जिल्हा परिषदेने सुपर ५० म्हणून ग्रामीण पोरांना प्रवेश परीक्षांसाठी तयार करायचा उपक्रम सुरू केला ते चांगलंच आहे, पण त्यात पोरं मावणार किती, पंधरा तालुक्यांचा जिल्हा आहे हा.

एक गोष्ट मला कायम खटकते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आमच्या नाशकात, म्हसरूळला. अख्ख्या राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालय पण नाशकातच, गडकरी चौकात. दोन्हीच्या मध्ये रिक्षाने अर्धा तास. आणि तरी नाशकाला स्वतःचं सरकारी एमबीबीएस कॉलेज यायला विद्यापीठ आल्यापासून पंचवीसेक वर्षं जावी लागली, तोवर आडगावला नाहीतर घोटीला प्रायव्हेट फी भरा किंवा धुळे-मुंबई-पुणे गाठा. राज्यभरच्या मेडिकलच्या पोरांच्या डिग्र्या आमच्या दिंडोरी रोडवरून निघतात आणि त्याच रस्त्याने पुढे गेलं तर सुरगाण्याला डॉक्टर टिकत नाही म्हणून बोंब. ७०:३० चा प्रादेशिक कोटा होता, म्हणजे ७० टक्के सीटा त्या त्या विभागातल्याच पोरांना, २०२० च्या सप्टेंबरात तो काढला, मराठवाड्यात कॉलेजं कमी म्हणून तिकडच्या पोरांवर अन्याय होतो असं कारण होतं आणि ते कारण बरोबरच होतं. पण त्या भांडणात विभागाच्या खाली कोणी उतरलंच नाही. कॉलेज रोडवर राहणारं पोर आणि सुरगाण्याच्या पाड्यावरचं पोर, कागदावर दोघंही उर्वरित महाराष्ट्र. तमिळनाडूने २०२० ला सरकारी शाळेत शिकलेल्या पोरांसाठी मेडिकलला साडेसात टक्के जागा वेगळ्या काढल्या, सहावीपासून बारावीपर्यंत सरकारी शाळा ही अट. आपल्याकडे झेडपी आणि आश्रमशाळेच्या पोरांसाठी असं करायला काय हरकत आहे, जातीचं भांडणही नाही त्यात. शिवाय खोटे दाखले काढून आदिवासींच्या सीटा खाणाऱ्यांना तिथे काहीच मिळणार नाही, ज्यांच्याबद्दल सुप्रीम कोर्टाने २०१७ ला सांगितलं की अशी ॲडमिशन आणि नोकरी जाणार म्हणजे जाणार. जातीचा दाखला खोटा काढता येतो, सात वर्षं पाड्यावरच्या शाळेत खोटी हजेरी लावणं जरा अवघड आहे. जमवतील म्हणा, आपली माणसं हुशार आहेत.

मग सरकार काय करतं, बॉण्ड. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की एक वर्ष सरकारी सेवा, नाहीतर दहा लाख भरा, असा नियम वर्षानुवर्षं चालला. याचा अर्थ नीट समजून घ्या. ज्याच्या बापाकडे दहा लाख आहेत तो सुटला. ज्याच्याकडे नाहीत तो एक वर्ष गावच्या सरकारी आरोग्य केंद्रात बसून नीट पीजीचा अभ्यास करतो, मोजतो एकेक दिवस, आणि तीनशे पासष्टाव्या दिवशी गाडीला किक. त्याला मी दोष देत नाही, चोवीस वर्षांचं पोर आहे, क्वार्टरला दार नाही, रात्री लाइट नाही, बाळंतपणात काही वाकडं झालं तर लोक अंगावर येतात. पण खेड्यातली पोस्टिंग ही शिक्षा आहे हे आपण बॉण्ड लावून त्याला पहिल्याच दिवशी शिकवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० सालीच लिहून ठेवलंय की खेड्यात डॉक्टर टिकवायचे तर मुळात खेड्यातली पोरं ॲडमिशनला घ्या आणि कॉलेजं मोठ्या शहरांच्या बाहेर काढा. ज्याला तिथे घर आहे त्याला बॉण्ड लागत नाही, त्याला रस्ता लागतो.

आणि आता त्या माणसांकडे येऊ ज्यांना तिथे घर आहे आणि जी ऑलरेडी कामावर आहेत.

आशा योजना २००५ ची. गावची बाई, गावातच राहणारी, साधारण हजार लोकांमागे एक, आदिवासी भागात पाड्यागणिक. २०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांवर आशांचा जिनिव्हात सन्मान केला, सगळ्या नेत्यांनी ट्विट केले. इकडे त्यांचं अधिकृत नाव स्वयंसेविका, पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत सहा-सात चकरा मारायच्या, बाळाचं वजन, ताप, श्वास मोजायचा, नोंदी करायच्या, त्याचे अडीचशे रुपये. सगळ्या चकरांचे मिळून. मानधनवाढीसाठी २०२३-२४ च्या थंडीत आशांना मुंबईत आझाद मैदानावर बसावं लागलं तेव्हा कुठे राज्याने महिन्याचे पाच हजार वाढवले.

पैशाचा प्रश्न निदान पेपरात तरी येतो. मला जास्त छळतो तो दुसरा प्रश्न. आशा निवडताना बाई साधारण २५ ते ४५ वयाची, लग्न झालेली किंवा विधवा, परित्यक्ता अशी पाहिजे. बरोबर आहे, गावात टिकली पाहिजे. आता ती पाच-सात वर्षं काम करते, तिला धोक्याचं बाळंतपण ओळखता येतं, टीबीच्या गोळ्या कोण नाल्यात फेकतो हे माहीत असतं, तिला वाटतं आपण एएनएम, म्हणजे सहाय्यक नर्सचा कोर्स करावा, नर्स व्हावं. एएनएमच्या कोर्सला वयाची वरची मर्यादा ३५. जीएनएमला, म्हणजे त्याच्या वरच्या नर्सिंग डिप्लोमालाही ३५. म्हणजे ज्या वयात तिला अनुभव येतो त्याच वयात दार बंद. एकाच सरकारने केलेले दोन नियम, वेगवेगळ्या टेबलावर, आणि दोन्ही टेबलांच्या मध्ये ही बाई उभी. एएनएम झालेल्या बाईला जीएनएमला वयाची अट नाही, म्हणजे तत्त्व मान्य आहे की कामातून आलेल्याला वय आडवं येऊ नये, फक्त ते तत्त्व आशापर्यंत खाली उतरलेलं नाही. काही राज्यांनी नर्सिंगच्या ॲडमिशनला आशांसाठी प्राधान्य ठेवलंय. पण वयाची अट तशीच आणि दोन वर्षं घर सोडून होस्टेलला राहायचं तर बिनपगारी, असं असेल तर ती सवलत कागदावरच.

हे सगळं स्वप्नरंजन वाटत असेल तर फिलिपिन्समध्ये लेते बेटावर १९७६ साली एक कॉलेज काढलंय ते बघा. तिथे गाव स्वतः पोर पाठवतं. पोर आधी सुईणीचं शिक्षण घेतं, गावात जाऊन काम करतं, गावाला पटलं तर परत येऊन नर्सिंग, परत गावात काम, परत येऊन डॉक्टर. एकाच जिन्याच्या पायऱ्या. कोणी दुसऱ्या पायरीवर थांबलं तरी वाया जात नाही, गावाला नर्स मिळते. आणि तिथली बहुतेक पोरं देशातच राहिली, गरीब भागात राहिली, ज्या देशातून नर्सेस जहाज भरभरून परदेशी जातात त्या देशात.

आणि इतक्या लांब कशाला, जामखेड आहे ना शेजारच्या जिल्ह्यात. १९७० ला डॉक्टर आरोळे पती-पत्नींनी तिथे काम सुरू केलं, गावच्या बायका निवडल्या, कितीतरी अजिबात शाळा न शिकलेल्या, कितीतरी दलित वस्तीतल्या. ज्या बाईला विहिरीवर येऊ देत नव्हते तिच्याकडे लोक बाळ दाखवायला यायला लागले. गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंगांच्या सर्च संस्थेत पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांनी घरोघरी जाऊन नवजात बाळं सांभाळली, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शन सुद्धा दिलं, आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय हे. म्हणजे या बायकांना जमतं का हा प्रश्न पंचवीस वर्षांपूर्वी महाराष्ट्रातच सुटलाय. पुढचा प्रश्न आपण विचारलाच नाही, की जमतं तर मग त्यांना वर का नेत नाही. वापरून घेतल्या. कौतुक केलं. साडी-चोळी दिली.

इथे एक जण हमखास म्हणतो, म्हणजे तुम्हाला गरिबाला अर्धा डॉक्टर द्यायचाय. नाही. २०१९ च्या मेडिकल कमिशनच्या कायद्यात कलम ३२ आलं, मर्यादित परवान्याचे कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेचे, आयएमएवाले, रस्त्यावर उतरले. त्यांची कारणं काय असतील ती असोत, धंद्याची भीती पण असेल, पण शहराला पूर्ण डॉक्टर आणि पाड्याला अर्धा ही वाटणी मलाही मान्य नाही. मी जे म्हणतोय ते उलटं आहे. परीक्षा तीच ठेवा, डिग्री तीच, शेवटची पायरी तितकीच उंच. फक्त तिथे पोचायला अठराव्या वर्षी एकदाच उडी मारायची आणि चुकलात तर आयुष्यभर खाली, हे बंद करा. पायऱ्या करा. बीएएमएस डॉक्टरला सहा महिन्यांचा कोर्स देऊन सीएचओ, म्हणजे उपकेंद्राचा आरोग्य अधिकारी करताच ना, मग जोडकोर्स बनवता येतात हे सिद्धच आहे. तोच विचार आशासाठी करा, कामाच्या वर्षांना क्रेडिट द्या, वर्ग तालुक्याला घ्या, शिकण्याच्या काळात मानधन चालू ठेवा. आणि हो, सगळ्या आशांना नर्स व्हायचं नसेल, नको, ज्यांना आहे तेही मदतनीस म्हणून म्हातारे होतायत त्याचं बोलतोय.

सफाईवाल्यांचं तर अजून विचित्र. सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यात लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. ती मिळालीच पाहिजे, पिढ्यानपिढ्या ज्यांनी घाण उपसली त्यांच्या घरात निदान एक पगार राहतो, आणि ठेकेदारी आली तसा तोही जातोय. पण बारकाईने बघा काय वारसा आहे हा. ज्याचं स्वतःचं हॉस्पिटल आहे त्या डॉक्टरचा पोरगा पैसे भरून डॉक्टर होऊन त्याच खुर्चीत बसतो, झाडूवाल्याचा पोरगा ग्रॅज्युएट होऊन बापाच्या जागी लागतो. दोघांनाही वारसा मिळाला. शवागारात कात्री-करवत कोणाच्या हातात असते आणि रिपोर्टवर सही कोणाची असते हे सिव्हिलला एकदा मित्रासोबत गेलो होतो तेव्हा पाहिलं, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

आणि समजा जिना बांधला, पोरगी चढून वर गेली, तर वर काय आहे? डॉ. पायल तडवी जळगावची, तडवी भिल्ल समाजातली, एमबीबीएस झाली, मुंबईत गायनॅकला पीजीला लागली आणि २२ मे २०१९ ला तिने होस्टेलमध्ये जीव दिला. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा आरोप आहे, केस कोर्टात आहे, निकाल कोर्ट देईल. पण ती बातमी आली त्या दिवशी आमच्या कॅन्टीनमध्ये कोणाला धक्का बसला आणि कोण गप्प बसलं हे मी पाहिलंय. धक्का बसला तो वरच्या मजल्यावरच्यांना. नर्सेस गप्प होत्या. त्यांना माहीत होतं की ड्युटी चार्ट लावताना, केस वाटताना, चहाचा कप बाजूला ठेवताना काय काय बोलतात. त्यामुळे नुसत्या सीटा देऊन भागत नाही हे मला कळतं. पण त्याच कॅन्टीनमध्ये ज्या वॉर्डात चार जणी एकाच भागातून आलेल्या आहेत तिथे असं बोलायची कोणाची हिंमत होत नाही हेही पाहिलंय. एकटं माणूस वर पाठवलं की त्याला खातात, चार-पाच पाठवा.

तर मावशीची मुलगी. बारावी सायन्स झाली गेल्या वर्षी, नीट एकदा दिली, क्लास न लावता, काय मार्क पडायचे ते पडले. आता जीएनएमचा फॉर्म भरायचाय म्हणून परवा ड्युटी संपल्यावर मावशी कागदांची पिशवी घेऊन लॅबमध्ये आली, जातीचा दाखला, उत्पन्नाचा, डोमिसाईल, सगळं प्लास्टिकच्या फाईलमध्ये. मी कॉम्प्युटरवर भरत होतो. आईचा व्यवसाय असा रकाना आला. मी म्हटलं आरोग्य सेवा टाकतो, अकरा वर्षं काढलीयत तुम्ही, टाकायलाच पाहिजे. मावशी खुर्चीच्या टोकावर बसली होती, पुढे वाकून स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "नको दादा. ठेकेदाराकडे कामाला असंच लिहा. तलाठ्याने उत्पन्नाच्या दाखल्यावर तेच टाकलंय, जुळलं नाही तर फॉर्म बाद करताय ते."